'द डॉटर ऑफ टाइम': नागपूरच्या वाचकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

जोसेफिन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम' ही कादंबरी मी ओळखीपाळखीत सगळ्यांना आग्रहानं वाचायला देते. पुस्तक परत करायला आलेला माणूस सहसा दारातून निघून जात नाही. तो बसतो, चहा होतो आणि वाद सुरू होतो. त्या वादांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले, ते आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मतं माझी आहेत. कादंबरीतल्या आणि इतिहासातल्या गोष्टी मात्र जशा आहेत तशा ठेवल्या आहेत.

काहून वाचायची बावा एवढी जुनी कादंबरी? नवीन काही नाही का?

कादंबरी १९५१ सालची आहे. लेखिकेचं खरं नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश, गाव स्कॉटलंडमधलं इनव्हरनेस. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. १९९० मध्ये ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशननं शंभर सर्वोत्तम रहस्यकादंबऱ्यांची यादी काढली, तिच्यात ही पहिली आली. पण यादीत पहिली आली म्हणून मी ती देत नाही. हे पुस्तक वाचल्यावर इतिहासाचं दुसरं कुठलंही पुस्तक पूर्वीसारखं वाचता येत नाही, म्हणून देते. 'अमक्यानं तमक्याला मारलं' असं वाक्य दिसलं की हात आपोआप मागची पानं उलटू लागतो: हे कोण सांगतंय, त्या वेळी तो कुठे होता, त्याची भाकरी कोणाच्या चुलीवर भाजत होती?

ह्यात रहस्य तरी कसलं? पोलीस अधिकारी तर पूर्ण पुस्तकभर पलंगावर पडून आहे.

तेच तर ह्या कादंबरीचं धाडस आहे. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडला आहे. छताकडे बघून कंटाळला आहे. मार्टा हॅलर्ड नावाची त्याची नटी मैत्रीण त्याला वेळ घालवायला जुन्या चित्रांच्या प्रती आणून देते, कारण माणसांचे चेहरे वाचायचा त्याला छंद आहे. त्यातला एक चेहरा त्याला न्यायाधीशाचा वाटतो. मागे नाव बघतो तर तिसरा रिचर्ड, म्हणजे इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत बदनाम राजा, स्वतःच्या दोन लहान पुतण्यांना लंडनच्या टॉवर नावाच्या किल्ल्यात मारणारा. न्यायाधीशाच्या चेहऱ्याचा माणूस खुनी कसा, ह्या एका खटक्यावरून तो तपास उघडतो. साक्षीदार सगळे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेले. पुरावे म्हणजे नर्सनं जपून ठेवलेलं शाळेचं इतिहासाचं पुस्तक, मग जाडजूड ग्रंथ, मग ब्रेंट कॅराडाइन नावाचा एक तरुण अमेरिकन अभ्यासक ब्रिटिश म्युझियममधून शोधून आणतो ते कागद. पाठलाग नाही, गोळीबार नाही. तरी माझी रात्र त्यात गेली.

इंग्लंडच्या राजांची नावं एकात एक मिसळतात. काय करावं?

पहिल्या पन्नास पानांत सगळ्यांचीच गत ही होते. सगळे रिचर्ड, सगळे एडवर्ड, सगळ्या एलिझाबेथ. नावं बाजूला ठेवा आणि ही भाऊबंदकी आहे एवढं लक्षात घ्या. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

थोरला भाऊ चौथा एडवर्ड. तो ९ एप्रिल १४८३ रोजी वारला. त्याला दोन मुलगे, एक बारा वर्षांचा आणि एक नऊ वर्षांचा. धाकटा भाऊ रिचर्ड, मुलांचा काका, राज्याचा पालक नेमला गेला. जूनमध्ये असं पुढे आलं की एडवर्डचं लग्नच मुळात वैध नव्हतं, कारण त्यानं आधी दुसऱ्या स्त्रीला लग्नाचं वचन दिलं होतं. म्हणजे मुलं अनौरस, म्हणजे गादी काकाची. ६ जुलैला काकाचा राज्याभिषेक झाला. मुलं टॉवरमध्ये होती ती त्यानंतर हळूहळू दिसेनाशी झाली. दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १४८५ रोजी, बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्यूडर गादीवर आला. त्यानं त्या मुलांच्या बहिणीशीच लग्न केलं.

एवढं एका कागदावर लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा. मी देते त्या प्रतीत तो कागद असतोच.

मी वाचायच्या आधी कोणीतरी शेवट सांगून टाकला. आता वाचण्यात अर्थ आहे का?

पूर्ण अर्थ आहे. ग्रँटचा कल कुठे आहे ते सुरुवातीलाच कळतं. 'कोण' ह्यापेक्षा 'कशावरून' ह्यात ह्या पुस्तकाचा जीव आहे. पुढच्या उत्तरांत मीही निष्कर्ष सांगितले आहेत, तेव्हा ज्यांना कोरी पाटी हवी त्यांनी आधी पुस्तक वाचून यावं.

सर्वांत आवडलेली जागा कोणती?

सर थॉमस मोर यांची. रिचर्डला राक्षस ठरवणारं जे वर्णन शेक्सपिअरच्या नाटकापर्यंत पोचलं, त्याचं मूळ मोर यांच्या पुस्तकात आहे. मोर म्हणजे साधुपुरुष, सत्यासाठी डोकं देणारा माणूस. त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार? ग्रँट वाचत जातो आणि कुठेतरी पोलिसाचं नाक फुरफुरतं. एवढे बारकावे, एवढे संवाद, राजवाड्याच्या आतली कुजबुज, हे सगळं ह्या माणसानं ऐकलं कधी? मग तो जन्मसाल बघतो. मोर यांचा जन्म १४७८ चा. रिचर्ड गादीवर आला तेव्हा साक्षीदार पाच वर्षांचा होता!

ग्रँटच्या दृष्टीनं ही ऐकीव साक्ष झाली आणि कोर्टात ऐकीव साक्षीला किंमत नाही. मग पुढचा प्रश्न, ऐकलं कोणाकडून? मोर लहानपणी ज्यांच्या घरी सेवेला होते ते जॉन मॉर्टन. हेन्रीच्या राज्यात हे मॉर्टन कँटरबरीचे आर्चबिशप झाले, आणि रिचर्डच्या राज्यात ते त्याचे कट्टर शत्रू होते. बस. एक तारीख आणि एक पत्ता, आणि साडेचारशे वर्षांची इमारत हलायला लागते. असं पान मी दुसऱ्या कुठल्याही रहस्यकादंबरीत वाचलेलं नाही. सभ्य माणूसही ऐकलेलं खोटं पूर्ण प्रामाणिकपणे लिहून ठेवू शकतो, ही गोष्ट लेखिका भाषण न देता पटवते.

चेहरा बघून माणूस निर्दोष ठरवायचा, हे तुम्हाला पटलं?

नाही. इथे माझं लेखिकेशी भांडण आहे. कथेला सुरुवात मिळावी म्हणून ती युक्ती छान आहे. पण ग्रँट शेवटपर्यंत त्या चेहऱ्याचा आधार सोडत नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत असलेलं ते चित्र सोळाव्या शतकाच्या शेवटाकडचं आहे. म्हणजे रिचर्ड जाऊन शंभरेक वर्षं झाल्यावर, जुन्या चित्रावरून काढलेलं. चित्रकारानं राजाला पाहिलेलंच नाही. मोर यांची साक्ष ऐकीव म्हणून फेकून देणारा ग्रँट ह्या रंगवलेल्या ऐकीव साक्षीला मात्र उराशी धरून बसतो. एवढ्या तल्लख लेखिकेनं स्वतःचाच नियम स्वतःच्या नायकाला लावला नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

टे यांनी पुरावा निवडून वापरला असं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी त्यांची बळकट बाजू सांगते. रिचर्डच्या पार्लमेंटनं १४८४ मध्ये 'टायटुलस रेगियस' नावाचा कायदा करून मुलांना अनौरस ठरवलं होतं. हेन्रीनं आल्याबरोबर तो पार्लमेंटात वाचून न दाखवताच रद्द करवला आणि त्याच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. का? कारण त्याला ज्या मुलीशी लग्न करायचं होतं ती अनौरस ठरून चालणार नव्हती. पण बहीण औरस ठरली की भाऊही औरस ठरतात, आणि भाऊ जिवंत असतील तर गादी त्यांची! म्हणजे मुलं मरण्याची खरी गरज हेन्रीला होती, रिचर्डला नव्हती. हा युक्तिवाद आजही ऐकणाऱ्याला गप्प करतो. दुसरा मुद्दा मुलांच्या आईचा. मार्च १४८४ मध्ये ती मुलींना घेऊन चर्चच्या आश्रयातून बाहेर आली आणि रिचर्डच्या आश्वासनावर राहू लागली. पोटच्या मुलांच्या खुन्यावर आई असा भरवसा ठेवेल का? ह्यावर आमच्याकडे एका काकूंनी फार नेमकं उत्तर दिलं होतं: "ठेवेल, बाकीच्या मुली वाचवायच्या असतील तर ठेवेल."

आता लंगडी बाजू. कादंबरीचा मोठा भर ह्यावर आहे की हेन्रीनं रिचर्डवर कायद्याच्या रूपात आरोपपत्र आणलं त्यात मुलांच्या खुनाचा आरोपच नाही. प्रत्यक्षात १४८५ च्या त्या कायद्यात बालकांचं रक्त सांडल्याचा उल्लेख आहे. नावं नाहीत, तपशील नाही, पण शब्द आहेत. दुसरं, डॉमिनिक मॅन्चिनी नावाचा एक इटालियन माणूस १४८३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता. थोरल्या मुलाचा घात झाला अशी शंका लोकांना त्याच वेळी येत होती, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. ते हस्तलिखित फ्रान्समध्ये सापडून १९३६ मध्ये छापलं गेलं होतं, म्हणजे कादंबरीच्या पंधरा वर्षं आधी. ग्रँटच्या तपासात त्याला जागा मिळालेली नाही. तिसरं, जेम्स टिरेल ह्या सरदाराला हेन्रीनं १४८६ च्या जून आणि जुलैमध्ये लागोपाठ दोन माफ्या दिल्या, त्या दोन्हींच्या मधल्या दिवसांत खून झाला असावा असं ग्रँट सुचवतो. अशा सर्वसाधारण माफ्या त्या काळी सर्रास दिल्या जात. एवढ्या बारीक दोऱ्यावर एवढा मोठा आरोप टांगणं मला जड जातं.

तेव्हा माझं मत असं: टे ह्या उत्तम वकील आहेत. रिचर्डवरचा आरोप संशयाच्या पलीकडे सिद्ध झालेला नाही, हे त्यांनी पूर्ण सिद्ध केलं. हेन्रीवरचा आरोप त्यांनी जेमतेम मांडला, आणि ग्रँटच्या तोंडून मात्र निकाल असल्यासारखा दिला. पुस्तक पहिल्या कामासाठी वाचावं.

मग ही सगळी कल्पना लेखिकेचीच?

नाही, आणि तिनं ते लपवलेलंही नाही. शेवटाकडे ब्रेंट पडक्या चेहऱ्यानं येतो, कारण आपला शोध जुनाच आहे असं त्याला कळलेलं असतं. रिचर्डची बाजू सतराव्या शतकात बक यांनी, अठराव्यात वॉलपोल यांनी आणि एकोणिसाव्यात मार्कम यांनी मांडली होती. तरी शाळेच्या पुस्तकात खुनी काकाच राहिला. हा प्रसंग मला मोर यांच्या पानाइतकाच मोलाचा वाटतो. खोटं उघड पाडलं म्हणजे ते मरतं असं नाही, हे तरुण संशोधकाला ज्या दिवशी कळतं तो हा दिवस आहे.

रिचर्डचा सांगाडा सापडला ना? त्यानं कादंबरी खोटी ठरली का?

२०१२ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर शहरात एका गाड्यांच्या तळाखाली सांगाडा मिळाला. त्याच्या आईकडच्या नात्यातल्या आजच्या वंशजांशी डीएनए जुळवून पाहिला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो रिचर्डचाच असल्याचं जाहीर झालं. २०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुन्हा पुरलं. पाठीचा कणा बाजूला चांगलाच वाकलेला होता. कुबड ही निव्वळ ट्यूडरांनी केलेली बदनामी असं मानणाऱ्यांना त्यामुळे थोडं मागे यावं लागलं. पण मोर आणि शेक्सपिअर यांनी चिकटवलेला वाळलेला हात काही सापडला नाही. दोन्ही पक्षांना अर्धा-अर्धा मार्क. मुलांचं काय झालं ह्यावर ती हाडं काही बोलत नाहीत.

टॉवरमध्ये मुलांची हाडं मिळाली होती असं वाचलं. त्यांची तपासणी झाली का?

१६७४ मध्ये टॉवरच्या एका जिन्याखाली काही हाडं मिळाली, ती वेस्टमिन्स्टर ॲबीत कलशात ठेवली आहेत. १९३३ मध्ये ती उघडून बघितली गेली. ती त्या मुलांचीच आहेत का, ह्याचा निकाल त्या तपासणीनं लागलेला नाही.

इंग्रजी झेपेल का?

बारावीपर्यंतचं इंग्रजी वाचणाऱ्याला झेपतं. पुस्तक लहान आहे आणि बरंचसं संवादात आहे. पहिली दोन प्रकरणं नेटानं काढा.

मराठी वाचकाला ही गोष्ट जवळची का वाटावी?

काका, पुतण्या, गादी आणि खून एवढे शब्द उच्चारले की आपल्याला इंग्लंड आठवत नाही, शनिवारवाडा आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी धरलं. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण त्याबरोबर आनंदीबाईंनी पत्रातलं अक्षर बदललं ही गोष्टही तितकीच पाठ आहे, आणि तिथे थांबून ग्रँटसारखं विचारायला हवं: तो कागद कोणी पाहिला? गोष्ट पहिल्यांदा कुठे लिहिली गेली, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणाच्या पदरी असलेल्या माणसानं? आपण ती शाळेत ऐकली, नाटकात पाहिली, आजीकडून ऐकली. इंग्रज मुलांनी काका रिचर्डची गोष्ट अगदी अशीच ऐकली. एका बाईच्या नावावर दोनशे वर्षं जो डाग आहे, त्याच्यासाठी निदान एवढे प्रश्न तरी विचारले जावेत असं मला मनापासून वाटतं.

आपल्या नागपुरात असं काही आहे का?

आहे, आपल्या महाल वस्तीतच आहे! आणि ते रिचर्डच्या गोष्टीइतकंच गुंतागुंतीचं आहे. ह्या प्रश्नाची मी वाटच बघत असते.

२२ मार्च १८१६ रोजी नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले वारले. गादीवर आले त्यांचे पुत्र परसोजी. ते दृष्टिहीन होते, शरीरानं पंगू होते, कारभार चालवणं त्यांना शक्य नव्हतं. कारभार कोणी बघायचा ह्यावरून वाड्यात दोन तट पडले. एकीकडे रघुजींची राणी बाकाबाई आणि तिचे लोक, दुसरीकडे रघुजींच्या धाकट्या भावाचा मुलगा मुधोजी, ज्याला सगळे आप्पासाहेब म्हणतात. आप्पासाहेबांनी बाजी मारली आणि मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. गादीवर चुलतभाऊ, सत्ता ह्यांच्या हाती.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी अंथरुणात मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हते. ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेले होते. गादी त्यांना मिळाली. इंग्रजांनी ती मान्य केली.

ह्यानंतर नोव्हेंबरमध्ये काय झालं ते नागपूरच्या मुलांनाही ठाऊक असतं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची लढाई. आप्पासाहेब हरले, डिसेंबरमध्ये शरण आले, जानेवारीत अपमानास्पद अटींवर पुन्हा गादीवर बसवले गेले आणि मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारात नेमलेले इंग्रजांचे अधिकारी, रिचर्ड जेंकिन्स यांनी त्यांना कैद केलं. परसोजींचा गळा दाबून खून झाला आणि तो आप्पासाहेबांनी करवला, हा आरोप पुराव्यांसह उभा राहिला तो ह्या वेळी. घटनेला वर्ष उलटून गेल्यावर, आणि आरोपी इंग्रजांविरुद्ध लढून हरल्यावर.

ग्रँटची वही काढून हे क्रमानं लिहा. मृत्यूच्या वेळी ज्यांनी गादी मान्य केली त्यांनीच वर्षभरानं खुनी ठरवलं. मधल्या काळात बदललं काय? मृतदेह तोच, वाडा तोच. बदलले ते आप्पासाहेबांचे इंग्रजांशी संबंध. पुढे गादीवर बसवले गेले रघुजींच्या मुलीचे पुत्र, तिसरे रघुजी. ते लहान होते म्हणून प्रत्यक्ष राज्य जेंकिन्सनीच बरीच वर्षं चालवलं. आरोपाचा लाभ कोणाला झाला ह्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

म्हणजे आप्पासाहेब निर्दोष?

असं मी म्हणत नाही. टे यांच्याकडून जी घाई झाली ती आपण करू नये. खुनाचा लाभ कोणाला, हा प्रश्न विचारला तर बोट सरळ आप्पासाहेबांकडेच जातं. रिचर्डकडे निदान मुलांना अनौरस ठरवणारा कायदा होता, त्याला खुनाची गरज नव्हती असं म्हणता येतं. आप्पासाहेबांकडे असं काही नव्हतं. परसोजी जिवंत असेपर्यंत ते फक्त कारभारी होते. चांद्याला असणं हाही बचाव म्हणून दुबळा आहे. ज्याला हुकूम सोडायचा आहे तो त्या रात्री वाड्यात झोपत नाही.

मला वाटतं आरोप खरा असण्याची शक्यता जास्त आहे. पण तो ज्या वेळी आणि ज्या हातांनी मांडला गेला, त्यामुळे प्रत्येक साक्ष पुन्हा तपासावी लागते. खरा गुन्हाही सोयीच्या वेळी बाहेर काढता येतो. हे दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात ठेवता येणं, हेच मला ह्या कादंबरीनं दिलं. आमच्या चर्चेत महालात वाढलेले एक आजोबा आप्पासाहेबांवर शब्द येऊ देत नाहीत. "इंग्रजांशी लढला ना तो माणूस!" असं म्हणतात. लढले, ह्याचा मलाही आदर आहे. कैदेत असताना जबलपूरजवळून शिपायाच्या वेशात ते पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयानं राहिले, पार पंजाबापर्यंत भटकले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. आयुष्य एखाद्या महाकादंबरीचं आहे. पण सीताबर्डीचं शौर्य १ फेब्रुवारीच्या आदल्या रात्रीचा जबाब देत नाही.

ह्याचे कागद सामान्य वाचकाला बघता येतात का?

छापील बरंच आहे. यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ चा आहे, सुरुवात तिथून करावी. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची 'नागपूरकर भोसल्यांची बखर' आहे. ती वाचताना मोर आणि मॉर्टन डोळ्यांपुढे ठेवा, कारण ही बखर रेसिडेंट जेंकिन्स यांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. त्यामुळे ती खोटी ठरत नाही. फक्त लिहिणाऱ्यासमोर कोण बसलं होतं ते आपल्याला कळतं. जेंकिन्स यांचा स्वतःचा नागपूर राज्यावरचा अहवाल १८२७ चा आहे. नागपूर रेसिडेन्सीच्या निवडक पत्रव्यवहाराचे खंडही स्वातंत्र्यानंतर छापले गेले. जुनं ग्रंथालय गाठा, ग्रंथपालांना विषय सांगा. मोडी येत असेल तर तुमच्यासाठी आणखी दारं उघडतात.

मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या एवढ्या, मग ऐतिहासिक रहस्यकादंबरी एवढी दुर्मीळ का?

माझ्या मते आपण इतिहासाकडे आरती घेऊन जातो, कंदील घेऊन जात नाही. नायक आधी ठरलेला असतो आणि कादंबरी त्याला मोठं करत नेते. रहस्यकादंबरीला सगळ्यांवर संशय घेण्याची मुभा लागते, अगदी आपल्या लाडक्या माणसावरही. ती मुभा वाचक देत नाहीत, लेखक मागत नाहीत. शिवाय भावना दुखावण्याचं भय आहेच. पण सामग्री म्हणाल तर बखरी, पत्रं, निवाडे, हिशेबाचे कागद मराठीत भरपूर पडले आहेत.

शाळकरी मुलांना द्यावी का?

नववी-दहावीच्या मुलांना जरूर. हिंसेची वर्णनं नाहीत. फक्त नंतर मूल इतिहासाच्या बाईंना प्रश्न विचारेल, त्याची तयारी ठेवा.

परसोजींच्या मृत्यूवर कोणाला अशी कादंबरी लिहायची असेल तर तुम्ही काय सांगाल?

एक तर ग्रँटसारखा आजचा तपासनीस घ्या. राजवाड्यातले संवाद रचत बसलात की मोर यांच्याच वाटेनं जाल. दुसरं, जेंकिन्सना खलनायक करू नका. हुशार, कष्टाळू, कागद नीट ठेवणारा अधिकारी म्हणून रंगवा, म्हणजे वाचकाला त्याच्यावर अविश्वास ठेवणं अवघड जाईल आणि कादंबरीला वजन येईल. तिसरं, बाकाबाईंना कोपऱ्यात टाकू नका. त्या काळच्या नागपुरात सगळ्यांपेक्षा जास्त माहिती बहुधा त्यांच्याकडे होती, आणि तिसऱ्या रघुजींच्या काळातही त्या वाड्यात होत्या.

आणि सुरुवात प्रेतापासून करू नका. सुरुवात नागपूर ते चांदा ह्या रस्त्यावर करा. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. जासूद वाड्यातून कधी सुटला, त्याला कोणी पाठवलं, घोडे कुठे बदलले, चांद्याला तो कोणत्या दिवशी पोचला आणि बातमी ऐकल्यावर आप्पासाहेब नागपूरकडे किती तातडीनं निघाले? ह्या तारखा जुळवता आल्या तर बातमी त्यांना नवी होती की अपेक्षित, ह्याचा अंदाज बांधता येईल. मी जर लिहिणारी असते तर पहिले सहा महिने फक्त ह्या तारखांच्या मागे घालवले असते.